भयकादंबरीकाराची नोकरी आणि ड्रॅक्युलाची सात वर्षं

शहाद्याहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या बँकेत नोकरीला आहेत, घरी दोन मुलं आहेत, आणि रात्री सगळं आवरल्यावर त्या एका जुन्या वाड्यावरची भयकादंबरी लिहितात. काही प्रकरणं त्यांनी सोबत पाठवली आहेत. विचारतात की ड्रॅक्युला ही रक्तपिपासू उमरावाची कादंबरी लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरसारखा लेखक घडतो कसा? नोकरीत राहून असं पुस्तक लिहून होतं का, की एकदाची नोकरी सोडावी? आणि धुकं, बर्फ, कड्यावरचे किल्ले हे सगळं तिकडचं. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, इथे गॉथिक, म्हणजे जुन्या वास्तूंतल्या गूढ भयाची कथा रुजणार कशी?

ताई, मी दुय्यम निबंधक कार्यालयात नोकरी करत भयकथा लिहिल्या. दिवाळी अंकांत त्या छापून आल्या. आता निवृत्तीनंतर नव्या लेखकांची हस्तलिखितं वाचतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर मला स्टोकरच्या आयुष्यातच सापडतं, म्हणून आधी त्याच्याकडे जरा नीट बघू.

स्टोकर १८४७ च्या ८ नोव्हेंबरला डब्लिनजवळच्या क्लॉनटार्फमध्ये जन्मला. सात भावंडांतला तिसरा. सात वर्षांचा होईपर्यंत तो अंथरुणालाच खिळून होता; आजार काय होता याचा उलगडा कधी झाला नाही. बाकीची मुलं बाहेर खेळायची, हा पडून राहायचा, आणि आई शार्लट त्याला गोष्टी सांगायची. ती आयर्लंडमधल्या स्लायगोची. १८३२ मध्ये तिथे कॉलराची भयंकर साथ आली तेव्हा ती शाळकरी वयाची होती. त्या साथीची एक हकिकत तिने पुढे लिहूनही ठेवली आहे. गावापासून काही मैलांवर एक वाटसरू आजारी होऊन रस्त्याकडेला पडला. लोकांनी खड्डा खणला, लांब काठ्यांनी त्याला जिवंतपणीच त्यात ढकललं आणि घाईघाईने माती लोटली. जवळ जायला नको म्हणून काठ्या.

लोक जिवंत माणसाला पुरतात हे भयंकर आहेच, पण मला या हकिकतीतल्या काठ्या विसरता येत नाहीत. कुणीतरी त्या शोधून आणल्या असतील, लांबी पुरेल का हेही पाहिलं असेल. मेलेला न मेलेला माणूस, माती, साथ पसरवणारा परका, हे सगळं ड्रॅक्युलात पुढे आलं. त्याचं मूळ मला या खाटेशी बसून सांगितलेल्या गोष्टींत दिसतं. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर प्लेगच्या आठवणी विचारा. त्यांनी स्वतः पाहिलं नसेल, आजी-पणजीकडून ऐकलं असेल. उंदीर पडायला लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या. मागे कुलूपबंद घरांची ओळ. ड्रॅक्युला १८९७ मध्ये लंडनात छापून आला तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात प्लेग चालूच होता. तुमची वाड्याची गोष्ट त्या कुलपांपासून सुरू झाली तर तिला लंडनकडे बघायचं कारण उरत नाही.

स्टोकर पुढे ठणठणीत झाला, ट्रिनिटी कॉलेजात खेळाडू म्हणून गाजला आणि बापाच्या पावलावर पाऊल टाकून डब्लिन कॅसलमध्ये सरकारी कारकून झाला. इथून पुढचा भाग तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी महत्त्वाचा. कनिष्ठ न्यायालयांच्या दप्तर तपासणीचं काम त्याच्याकडे आलं. खेडोपाडी फिरायचं, रजिस्टरं बघायची, चुका काढायच्या. त्या अनुभवावर त्याने आयर्लंडमधल्या या न्यायालयांच्या कारकुनांनी कोणती कामं कशी करावीत, याचं एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. ते १८७९ मध्ये निघालं. फावल्या वेळात एका वृत्तपत्रासाठी नाटकांची परीक्षणं लिहायचा, तीही बिनपगारी. त्या वृत्तपत्राच्या मालकांत शेरिडन ल फानू होता, ज्याची कार्मिला ही रक्तपिपासू स्त्रीची कथा १८७२ साली पुस्तकात आली. योगायोग म्हणा.

१८७६ मध्ये त्याने नामवंत नट हेन्री अर्व्हिंगच्या हॅम्लेटवर लिहिलं, अर्व्हिंगने भेटायला बोलावलं, आणि १८७८ मध्ये स्टोकर सरकारी नोकरी सोडून अर्व्हिंगच्या लंडनमधल्या लायसियम थिएटरचा व्यवस्थापक झाला. त्याच डिसेंबरात फ्लॉरेन्स बाल्कमशी लग्न. सरकारी नोकरी सुटली, पण त्याहून जास्त कामाची नोकरी गळ्यात पडली. हिशेब, पत्रव्यवहार, दौरे, पाहुणे, अर्व्हिंगची मर्जी, सगळं त्याच्याकडे. १९०५ मध्ये अर्व्हिंग गेला तोपर्यंत, म्हणजे जवळपास सत्तावीस वर्षं, तो त्या कामावर होता. ड्रॅक्युला या नोकरीत असताना लिहिला आहे, सुट्ट्यांमध्ये आणि रात्री.

किती वेळ लागला? टिपणांची सुरुवात मार्च १८९० ची, पुस्तक बाहेर आलं २६ मे १८९७ ला. सात वर्षं. सुरुवातीला उमरावाचं नाव काउंट व्हॅम्पायर, म्हणजे उमराव पिशाच्च, असं सरळसोट होतं आणि त्याचा मुलूख ऑस्ट्रियातला श्टायरिया होता. १८९० च्या उन्हाळ्यात स्टोकर कुटुंब व्हिटबी या इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावी सुट्टीला गेलं. तिथल्या वाचनालयात त्याने वॉलेकिया आणि मोल्डाव्हिया या प्रांतांवरचं विल्किन्सनचं १८२० चं पुस्तक काढलं, त्यात ड्रॅक्युला हे नाव मिळालं आणि ते टिपून घेतलं. काउंटचा मुलूख शेवटी ट्रान्सिल्व्हेनिया ठरला, पण तिथे तो जन्मात गेला नाही. तिथला सगळा मुलूख त्याने पुस्तकांतून, नकाशांतून आणि एमिली जेरार्डच्या तिथल्या लोकसमजुतींवरच्या लेखातून उभा केला.

पण व्हिटबी मात्र त्याने पायाखाली घातलं. कबरस्तानात जाऊन थडग्यांवरचे लेख उतरवून घेतले. कादंबरीतल्या म्हाताऱ्या स्वेल्सचं आडनाव तिथलंच. तटरक्षकाला गाठून जहाजं कुठे आणि कशी फुटली ते विचारलं. १८८५ मध्ये दिमित्री नावाचं रशियन जहाज, नार्व्हा बंदरातलं, व्हिटबीच्या किनाऱ्यावर येऊन आदळलं होतं. कादंबरीत ते देमेतेर झालं आणि बंदर व्हार्ना. वारा कुठून होता, वाळूत जहाज कुठे रुतलं, हे त्याने विचारून लिहून घेतलं. तिथल्या मच्छीमारांच्या बोलीतले शब्द वेगळे काढून ठेवले. ही टिपणं आज फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. त्यांत प्रेरणेच्या गप्पा फार थोड्या आणि याद्या, तारखा, वेळापत्रकं खूप. कोर्टाचं दप्तर तपासणाऱ्या माणसाची वही आहे ती.

आता पुस्तकच उघडा. पहिलं पान म्हणजे जोनाथन हार्करची रोजनिशी. तरुण वकील, जागेच्या व्यवहारासाठी निघाला आहे. पहिल्याच वाक्यात तो लिहितो की म्युनिकहून रात्री आठ पस्तीसला निघालो, व्हिएन्नाला सहा शेहेचाळीसला पोचायचं होतं, गाडी तासभर लेट. थोडं पुढे हॉटेलात खाल्लेल्या मिरचीदार कोंबडीची नोंद, आणि कंसात, मीनासाठी हिची कृती मिळवायची आहे. भुताचा पत्ता नाही. गाडी लेट झाल्याची तक्रार करणारा, बायको होणार असलेल्या मुलीसाठी पाककृती मागणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असा विश्वास आपल्या मनात बसतो आणि त्याच विश्वासावर पुढचं सगळं चढतं. भुसावळ जंक्शनवर ज्यांचा जन्म गेला त्यांना हे पान मी वाचून दाखवलं की ते लगेच मान डोलावतात. गाडी लेट असणं हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

किल्ल्यात पोचल्यावर बघा. काउंट स्वतः हार्करची बॅग उचलतो, स्वतः जेवण वाढतो, उशीर झाला, नोकर हाताशी नाहीत म्हणतो. काही दिवसांनी हार्कर आपल्या खोलीत जातो तर काउंट त्याचं अंथरूण घालतो आहे. मग दाराच्या फटीतून टेबलही तोच मांडताना दिसतो. तेव्हा हार्करला कळतं की एवढ्या मोठ्या किल्ल्यात दुसरं माणूसच नाही. मग त्याला किल्ल्यावर आणणारी बग्गी हाकणाराही हाच होता. वाटेत लांडग्यांना हातानं थोपवणाराही हाच. अंथरुणाची चादर ताणणाऱ्या हातांवरून एवढी भीती निर्माण केलेली मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. दात, रक्त, शवपेट्या नंतर येतात.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? लंडनजवळच्या पर्फ्लीटमध्ये जागा खरेदी करण्यासाठी. ड्रॅक्युलाचं इंग्लंडवरचं आक्रमण खरेदीखतानं सुरू होतं. त्याच्या मुलखातल्या मातीच्या पन्नास पेट्या जहाजाने येतात, त्यांची पावती असते, हमाल असतात, कुठल्या पेट्या कुठे पोचवल्या याचा हिशेब असतो. नायक मंडळी त्या कागदांचा माग काढत काढत त्याच्यापर्यंत पोचतात. मीना सगळ्यांच्या रोजनिशा, पत्रं, तारा टाइप करून तारीखवार लावते, तिला आगगाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ असतात. मी तर म्हणेन की या कादंबरीची खरी नायिका एक उत्तम कारकून आहे.

तुम्ही बँकेत आहात, ताई. मी निबंधक कार्यालयात होतो. आपल्या दोघांच्या हातून रोज जे कागद जातात त्यांत काय असतं ते एकदा लेखकाच्या डोळ्यांनी बघा. जुन्या खरेदीखतांवर जिल्हा पूर्व खानदेश असं लिहिलेलं असतं, १९०६ च्या विभागणीनंतरचं. लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस पडीक जागा. मग ती जुनी सनदी भाषा, की जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह मिळकत दिली. जमिनीखाली जे काही पुरलेलं असेल ते सगळं धरून जागा विकली, अशी ही भाषा आहे, आणि घेणाऱ्याने ती न वाचता सही केलेली असते.

एक नमुना देतो, हवा तर घ्या. एका वाड्याची १९३४, १९६२ आणि १९९१ ची तीन खरेदीखतं. मालक बदलले, भाव बदलला, स्टँप बदलला. साक्षीदार क्रमांक दोन तोच. तेच नाव, तेच गाव, वय वर्षे पन्नास, आणि अंगठ्याचा ठसा. तुमची नायिका कर्जाच्या प्रकरणासाठी शीर्षकशोध, म्हणजे जागेच्या मालकीची तपासणी, करताना हे तीन कागद शेजारी ठेवते आणि ठशांकडे बघते. किंवा सातबारावरचा इतर हक्काचा रकाना घ्या. विहिरीच्या रात्रीच्या पाण्यावर कुणा एकाचा हक्क, पिढ्यान्‌पिढ्या फेरफारांतून पुढे आलेला, कमी करायला कुणी तलाठ्याकडे कधी गेलंच नाही. तो माणूस कोण, हे गावात कुणी सांगत नाही. पाणी मात्र रात्री उपसलं जातं. बँकेत बसणाऱ्या बाईला हे लिहायला संशोधनाची गरज नाही, फक्त घरी येताना ते डोक्यातून पुसून टाकायचं नाही.

तुमच्या पाठवलेल्या प्रकरणांत अमावास्येची रात्र, वादळ, कोल्हेकुई आणि पुण्याहून आलेली नायिका आहे. वादळ काढा. हे मी रागाने सांगत नाही. वर्णन चांगलं जमलं आहे, पण ते तुम्ही पुस्तकांत पाहिलेलं आहे. खानदेशाची भीती कुठे आहे ते आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. आई काय सांगायची? भर दुपारी बाराला पिंपळाखाली जाऊ नको, मुंजा असतो. वैशाखातली दुपार आठवा. दोन वाजता गल्लीत कुत्रंसुद्धा नसतं, दारं लोटलेली, धाब्याच्या घरात अंधार, बाहेर डोळे दिपवणारं ऊन. त्या उन्हात कुणी एकटंच माणूस सावकाश चालत येताना दिसलं तर छातीत धस्स होतं, आणि यात नाटकी काही नाही. स्टोकरचा काउंटसुद्धा दिवसाढवळ्या लंडनच्या पिकॅडिलीत उभा असतो, हार्कर त्याला भर रस्त्यात बघतो आणि गळाठतो. सूर्यप्रकाशाने पिशाच्च मरतं ही कल्पना त्या पुस्तकातली नाही, ती १९२२ च्या जर्मन मूकपटातून आली. म्हणजे भर उन्हातलं भय स्टोकरलाही मान्य होतं. तुम्ही कशाला रात्रीची वाट बघता?

आणि रात्रच हवी असेल तर रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेतली घ्या. शेतीपंपाची लाईट ज्या आठवड्यात रात्रीची असते त्या आठवड्यात माणूस मध्यरात्री एकटा उठून मळ्यात जातो. स्टार्टरचं बटण दाबलं की मोटरीच्या घरघरीत बाकी काही ऐकू येत नाही. बागेत शिरलं की चार हातांपलीकडे दिसत नाही. बॅटरी मारली तर सगळीकडे सारखीच खोडं, सारखीच लोंबणारी वाळलेली पानं, आणि प्रत्येक पान माणसाच्या उंचीवर हलत असतं. वारा नसताना एखादंच पान हलतं. बिबट्याची भीती वेगळीच. अशा बागेत शेजारच्या ओळीतून कुणी विचारलं, कोन शे रे तठे, तर उत्तर द्यायचं की नाही हा प्रश्न आहे. आवाज ओळखीचा असेल तर जास्तच.

पेव हीसुद्धा आपल्याकडची वस्तू. जमिनीखालचं धान्याचं कोठार, तोंड लहान, आत अंधार. उघडल्यावर काही वेळ तसंच ठेवायचं, मग दोराने दिवा खाली सोडून बघायचा. दिवा टिकला तर माणूस उतरवायचा. कोंडलेल्या हवेने माणसं गेल्याच्या गोष्टी जुन्या गावांत आजही ऐकायला मिळतात. तुमच्या वाड्यात तळघर दाखवलं आहे, इंग्रजी पद्धतीचं, दगडी पायऱ्यांचं. तिथे पेव आणा. पायऱ्या नसल्यामुळे उतरणाऱ्याचा जीव वरच्या माणसाच्या हातातल्या दोरावर असतो, आणि वर कोण उभं आहे हे आपोआप महत्त्वाचं होतं.

मरण न येणारा माणूस तर आपल्या डोंगरातच आहे. तुम्ही शहाद्याच्या, अस्तंभ्याची यात्रा तुम्हाला मी काय सांगणार. दिवाळीत लोक रात्रभर चालत ते शिखर चढतात, अश्वत्थाम्याचं ठाणं म्हणून. इकडे बऱ्हाणपूरजवळ असीरगडावरही त्याचीच गोष्ट सांगतात. कपाळावरचा मणी काढून घेतला, जखम कधी भरत नाही, आणि तो वाटेवरच्या माणसाकडे जखमेला लावायला तेल मागतो. तेल मागणारा हा चिरंजीव मला काउंटपेक्षा कितीतरी मोठा वाटतो, कारण तो काही हिसकावून घेत नाही. तो मागतो. दारात उभा राहून वाटीभर तेल मागणाऱ्या म्हाताऱ्याला नाही म्हणायचं की आत घ्यायचं, एवढ्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील. मात्र त्याला खलनायक करू नका. शिखर चढणाऱ्यांची त्याच्यावर श्रद्धा आहे, आणि त्याच्या दुःखावर आपली गोष्ट चालते तर त्या दुःखाचा मान ठेवला पाहिजे.

एका ठिकाणी मात्र मी ठाम आहे. तुमच्या चौथ्या प्रकरणात सातपुड्याच्या पाड्यावरची एक डाकीण आहे, म्हातारी, एकटी, पोरांवर नजर टाकणारी. ती काढा. डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, पाड्यातून हाकललं आहे, जीव घेतले आहेत, आणि हे आपल्याच जिल्ह्यांत घडलं आहे. २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला त्यामागे अशा किती बायकांचं रक्त आहे. बहुतेक वेळा मागे जमिनीचा वाद असतो, नाहीतर एखादं पोर आजाराने गेलेलं असतं. आपण कादंबरीत तिला खरीच डाकीण दाखवली तर उद्या कुणीतरी त्याचा दाखला देईल. तुम्हाला ती बाई ठेवायचीच असेल तर उलट बाजूने लिहा. रात्री तिच्या झोपडीकडे सरकणारे टेंभे तिच्या डोळ्यांनी दाखवा. त्या टेंभ्यांमागच्या ओळखीच्या चेहऱ्यांइतकं भयानक तुमच्या वाड्यात काहीच नाही.

भाषेबद्दल थोडक्यात. स्टोकरने स्वेल्सच्या तोंडी व्हिटबीची बोली घातली तशी तुमच्या पात्रांच्या तोंडी अहिराणी येऊ द्या, यावलकडचं पात्र असेल तर लेवा बोली. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा. सगळीच पात्रं पुण्याचं बोलली की वाड्यात भूत असलं काय, नसलं काय.

मराठीत ही वाट रुळलेली आहे. नारायण धारप यांचा जन्म १९२५ चा, २००८ मध्ये ते गेले, आणि या काळात त्यांची शंभराहून अधिक पुस्तकं निघाली. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत ती हातोहात फिरायची, पानं सुटेपर्यंत. त्यांचा समर्थ हा नायक वाचकांना घरचा वाटायचा. समीक्षकांनी त्यांच्याकडे फारसं पाहिलं नाही याची मला अजूनही खंत आहे. शांत मध्यमवर्गीय घर, ओळखीची माणसं, आणि हळूच कुठेतरी काहीतरी बिनसल्याची जाणीव, हे त्यांनी एवढ्या सातत्याने केलं की पुढे लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्यांची पुस्तकं शाळेसारखी उपयोगी पडली. तुम्ही ती वाचली नसतील तर स्टोकर बाजूला ठेवून आधी ती वाचा. भय वाटायला परदेशी जावं लागत नाही हे त्यांच्या पानापानांतून दिसतं.

आता पैशाचं. या प्रश्नाला लोक बगल देतात, मी देणार नाही. ड्रॅक्युला निघाला तेव्हा परीक्षणं बरी आली, खप बरा झाला, पण स्टोकर त्यावर श्रीमंत झाला नाही. १८९८ मध्ये लायसियमच्या नेपथ्याच्या गोदामाला आग लागली, थिएटरचा डोलारा ढासळत गेला. अर्व्हिंग गेल्यावर नोकरीही गेली. १९०६ मध्ये स्टोकरला पक्षाघाताचा झटका आला. त्याच वर्षी त्याच्या अर्व्हिंगविषयीच्या आठवणी दोन खंडांत निघाल्या. तो लिहीत राहिला, पण १९११ मध्ये लेखकांना मदत करणाऱ्या निधीकडे त्याला अर्ज करावा लागला. २० एप्रिल १९१२ ला तो गेला, टायटॅनिक बुडाल्याच्या आठवड्यातच, आणि मृत्युलेखांत तो मुख्यतः अर्व्हिंगचा माणूस म्हणून आला. पुढच्या वर्षी त्याच्या ग्रंथसंग्रहाचा लिलाव झाला तेव्हा ड्रॅक्युलाची टिपणं दोन पौंडांच्या घरात गेली.

सगळ्यांचंच असं झालं असंही नाही. त्याच्याआधी शंभर वर्षं ॲन रॅडक्लिफ या इंग्रज भयकादंबरीकर्तीने १७९४ च्या कादंबरीचे पाचशे पौंड आणि १७९७ च्या कादंबरीचे आठशे पौंड घेतले, त्या काळात थक्क करणारी रक्कम, आणि बत्तीस वर्षांची असतानाच लेखणी जवळजवळ खाली ठेवली. पण तिच्या पुस्तकांना तेव्हा कमालीची मागणी होती. अशा एका उदाहरणावर आपला संसार टांगू नये.

म्हणून नोकरी सोडू नका. केवळ पगारासाठी म्हणत नाही. स्टोकरने आयर्लंडचं दप्तर तपासलं नसतं, थिएटरचे हिशेब ठेवले नसते, तर मातीच्या पन्नास पेट्यांचा हिशेब त्याला सुचला असता असं मला वाटत नाही. तुमच्या काउंटरसमोर रोज वारसनोंदीचे, थकलेल्या कर्जांचे, मयत खातेदारांचे कागद येतात. मयत माणसाच्या खात्यावर व्यवहार झाला की बँकेत काय धावपळ होते हे तुम्हाला माहीत आहे, मला नाही, आणि तुमच्या वाचकालाही नाही. लोकांची नावं, खात्यांचे तपशील मात्र गोष्टीत आणायचे नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. सात वर्षं लागली तर लागू द्या. रात्री पान होत नसेल तर निदान एक नोंद करा, कुठल्या गावात कुठलं दार, कुठली वेळ, कुणाचा आवाज.

हक्कांचं मात्र आत्ताच समजून घ्या. स्टोकरने छापील पुस्तक बाहेर येण्याच्या आठवडाभर आधी, १८ मे १८९७ ला, लायसियममध्ये कादंबरीचं घाईघाईने नाट्यवाचन करवून घेतलं, नाटकाचे हक्क आपल्याकडे राहावेत म्हणून. तो हिशेबी होता. १९२२ मध्ये जर्मनीत परवानगी न घेता या कथेवर तो मूकपट निघाला तेव्हा विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली, आणि १९२५ मध्ये त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश मिळवला. काही प्रती तरीही वाचल्या, म्हणून आज तो बघता येतो. अमेरिकेत मात्र हक्काच्या नोंदणीची पूर्तता नीट न झाल्याने तिथे तो हक्क गेलाच.

आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. प्रकाशक करार पुढे करील तेव्हा छापील पुस्तक, ऑडिओबुक, भाषांतर, चित्रपट आणि वेबसिरीज हे हक्क वेगवेगळे लिहिलेले आहेत का ते बघा. सर्व हक्क कायमस्वरूपी अशी ओळ दिसली तर सही करू नका. करारात मुदत लिहिलीच नसेल तर आपल्या कायद्याने ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, पण यावर विसंबून राहण्यापेक्षा मुदत स्पष्ट लिहून घ्या. भयकथांचं ऐकण्याचं मार्केट मराठीत वाढतं आहे, आवाजाला ही जात फार मानवते, म्हणून ऑडिओचा हक्क स्वस्तात देऊ नका. आधी दोन-तीन सुट्या कथा दिवाळी अंकांना पाठवा. अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, जून उजाडल्यावर पाठवलेलं बऱ्याचदा पुढच्या वर्षावर जातं.

दुसरं प्रकरण, ज्यात नायिका तलाठी कार्यालयात जुना फेरफार मागते आणि तलाठी वर न बघता म्हणतो की तो कालच कुणीतरी नेला, ते तुमच्या आत्तापर्यंतच्या लेखनातलं सगळ्यात भीतिदायक पान आहे. कादंबरी तिथून सुरू करा. वाड्याचं वर्णन पंधरा पानं मागे जाऊ द्या.